चार खिडक्यांचे पडदे आणि रविवारी आलेली मंडळी

महाड,
सोमवार, जेवणाची सुट्टी

ती. ज्योतीताईस,

भरतचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सध्या वाकत नाही, कारण पुढे येईलच, तेवढं एक अंग वजा धरावं.) इकडे आई ठणठणीत, दोन्ही गाई ठणठणीत, वासरू जरा जास्तच ठणठणीत. भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि पट्टी दोन दिवसांत निघणार हे ऐकून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, घाई करू नका. बघण्यासारखं या जगात फारसं काही उरलेलं नाही, आणि जे होतं ते काल आपल्या वाडीत होऊन गेलं.

आधी महत्त्वाचं सांगतो. वाडीतल्या रंगूबाईच्या मुंबईतल्या मुलानं काल संध्याकाळी तुला भांडुपला फोन करून पेढे मागितले, असं मला कळलं. ते पेढे तू देऊ नयेस. आपली श्रुतिका बाळंत झालेली नाही. होण्याचं काही चिन्हही नाही. पोरगी खुशाल आहे, आजीबरोबर गोठ्यात शेण काढते आहे आणि तिचा फोन लागत नाही, कारण वाडीत रेंज नाही. रेंज येते त्या खडकावर ती जात नाही, कारण तिथं तुझा फोन लागेल. "मामा, आईला काय ते तूच लिही, तुला सवय हाय," असं म्हणाली. (दोन दिवसांत मुलगी 'हाय' म्हणायला लागली. तिच्या इंग्रजी शाळेची फी आठवून तू हळहळू नकोस.) सवय आहे हे खरं. गेली पंचवीस वर्षं मी कोर्टाच्या दारात बसून लोकांच्या भानगडी क्रमवार आणि सभ्य भाषेत टाइप करतो आहे. तुला फोनही केला असता, पण फोनवर ही हकिकत पहिल्या वाक्याच्या पुढे सरकली नसती. म्हणून पत्र. वाडीतला हर्षद उद्या सकाळच्या एसटीनं मुंबईला येतो आहे, त्याच्या हाती देतो. त्याला पत्रातलं काही माहीत नाही, म्हणजे सगळं माहीत आहे. पण तू विचारू नकोस.

आता मुळापासून. चंदनचं आणि श्रुतिकाचं पाहणं दोन महिन्यांपूर्वी तुझ्याकडे झालं. मुलगा आपल्या एमआयडीसीत लॅबमध्ये कामाला, निर्व्यसनी, उंच. त्याला आपली मुलगी आवडली. आपल्या मुलीला तो आवडला, आणि हे जरा अद्भुतच, कारण अठ्ठावीस वर्षांत तिनं 'चालेल' याच्या पलीकडे कशाचंही कौतुक केल्याचं मला आठवत नाही. घोडं अडलं होतं ते चंदनच्या आईपाशी. बाई महाडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "तुमचं गावाकडचं घर एकदा बघू, मग काय ते सांगू," एवढंच. भाऊजींचं गावाकडचं घर चार भावांत असं वाटलं गेलं आहे की पाहुण्यांना नेमकं कुठल्या भिंतीला टेकवायचं हा दिवाणी प्रश्न आहे. म्हणून ठरलं की तुम्ही दोघांनी आईसाठी वाडीत बांधलेलं नवं घर दाखवायचं. त्यात भाऊजींचं ऑपरेशन मध्ये आलं, चंदनला मोकळा रविवार तीन आठवड्यांतून एकदा, म्हणून तुम्हाला येता येईना. मग तू मला हुकूम सोडलास: फक्त घर दाखवायचं, चहा पाजायचा, बाकी काही बोलायचं नाही, आणि खिडक्यांना पडदे हवेत. "भरत, पोरीचं सगळं त्या घरावर अवलंबून आहे," हे तुझे शब्द. मी ते विसरलो नव्हतो, हे कृपा करून शेवटपर्यंत लक्षात ठेव.

पुढे तुझी ती यादी. ताई, मी कोर्टात बसणारा माणूस, मला लांबलचक कागदांची भीती वाटत नाही. पण तुमच्या सोसायटीतल्या सजावटवाल्या बाईंनी लिहून दिलेली ती सात पानं वाचून मला प्रथमच कळलं की माणूस खिडकीशी इतका वाईट वागू शकतो. आपल्या समजुतीप्रमाणे खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. त्यातून उजेड आत येतो आणि हाक बाहेर जाते. या बाईंच्या मते खिडकी ही एक आजारी व्यक्ती असून तिच्यावर थरावर थर उपचार करायचे असतात. आधी शीअर, म्हणजे आरपार दिसणारा पडदा (लावायचा, पण लावल्यासारखा दिसू द्यायचा नाही). त्यावर ब्लॅकआऊट, म्हणजे सूर्याला घरात यायची बंदी. हे ज्याला टांगायचं तो रॉड दिसू नये म्हणून त्यावर पेल्मेट, म्हणजे लाकडी पेटी. पेटी नुसती पेटी वाटू नये म्हणून तिच्यावर व्हॅलन्स, व्हॅलन्स ओकाबोका दिसू नये म्हणून त्याला गोंडे. पडदे बाजूला ओढले की त्यांना बांधून ठेवायला टाय-बॅक. आणि एवढं सगळं केल्यावर शेवटच्या पानावर एक ओळ: 'खोलीत नैसर्गिक प्रकाश भरपूर यावा.'

ही यादी घेऊन मी भागोजी टेलरकडे गेलो. चवदार तळ्याकडून बाजारात उतरताना लागतो तो. मांडवाची कापडं, रिक्षाचे हूड आणि गाद्यांच्या खोळी शिवण्यात महाड तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. मी एकेक शब्द वाचत गेलो आणि तो तोंडातला खडू न काढता निकाल देत गेला. आयलेट म्हटल्यावर म्हणाला, "ही रिंग मी ट्रकच्या ताडपत्रीला मारतो. तुमच्या ताईंकडं तिला इंग्रजी नाव हाय, एवढंच." पिंच प्लीटचं चित्र दाखवलं तर म्हणाला, "निऱ्या." व्हॅलन्स म्हणजे मांडवाची झालर. रोमन ब्लाइंड, जो दोरी ओढली की घड्या पडत वर जातो, तो म्हणजे जत्रेतल्या नाटकाचा पडदा. शीअरला त्यानं मच्छरदाणी म्हटलं आणि वर सुनावलं की मच्छरदाणीनं डास तरी अडतात. थोडक्यात, सात पानांतली प्रत्येक वस्तू भागोजी गेली तीस वर्षं शिवत होता. आपण इतकं उच्च दर्जाचं काम करतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकच शब्द त्याला अडला, तो ब्लॅकआऊट. मी म्हटलं, जाड, रबरासारखा थर असलेलं कापड, उजेड अजिबात येत नाही. तो म्हणाला, "मग खिडकी कशाला ठेवली?" याचं उत्तर तुझ्या यादीत नव्हतं.

आता भागोजीनं काय केलं ते ऐक. तू लिहिलं होतंस की शीअर वेगळा, ब्लॅकआऊट वेगळा, दोन्ही आपापल्या रॉडवर, म्हणजे दिवसा जाड पडदा बाजूला सारून नुसता पातळ ठेवता येतो. भागोजीनं दोन्ही कापडं एकमेकांना पाठीला पाठ लावून शिवून टाकली. का, तर "एवढं जाड कापड अस्तराशिवाय कसं द्यायचं? माझं नाव जातं." त्यामुळे तुझे पडदे दिवसरात्र एकच काम करतात: अंधार. शिवाय तू सांगितलेली उंची त्यानं ऐकून घेतली आणि वर हातभर कापड वाढवलं, कारण आमच्याकडचा प्रत्येक शिंपी शाळेचा गणवेश असो की रिक्षाचा हूड, पहिल्या धुण्यात आटणार हे धरूनच शिवतो. पडदे लोळतात म्हटल्यावर म्हणाला, "दोन पावसाळे जाऊ द्या."

शुक्रवारी श्रुतिका आली. पोलादपूरपासून रिक्षा, आणि आंबेनळीच्या रस्त्यावर उतरून पुढची चढण पायी, हातात बॅग (चाकांची, ती चाकं आपल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर फक्त वजन म्हणून कामाला येतात). पोचली ती मांड्या धरून. शनिवारी सकाळी मी पडदे, रॉड, पेल्मेटच्या पेट्या आणि आईनं मागवलेला डिंक-खारीक-खोबरं घेऊन चढलो. डिंक तुझ्याचसाठी: भाऊजींना ऑपरेशननंतर ताकद यावी म्हणून आई लाडू करणार होती. वाटेत रंगूबाई भेटली. (भांडुपच्या मंडळींसाठी: समोरच्या घरची, ऐंशीच्या पुढची, नजर अजून पोलिसात भरती होईल अशी.) "डिंक कुनाला रे?" मी कंबरेपर्यंत वाकलेल्या अवस्थेत म्हटलं, "घरात लागतो." ती "हां" म्हणाली. त्या 'हां' मध्ये किती साठवलं होतं हे मला काल कळलं.

दुपारभर आम्ही मामा-भाचीनं पडदे लावले. पलंगावर स्टूल, स्टुलावर मी, माझ्यावर पेल्मेट, असा थर होता. तिसऱ्या खिडकीला तो कोसळला आणि कंबरेचं जे व्हायचं ते झालं. टाय-बॅक आठ होते, लावताना सहाच सापडले. उरलेल्या दोनांपैकी एक, सोनेरी गोंड्यासकट, सध्या वासराच्या गळ्यात आहे. आई एवढा वेळ उंबऱ्यावर बसून कुळीथ पाखडत होती. मी वरून विचारलं, "आई, छान दिसतात ना गं?" तिनं मान वर केली, चारी खिडक्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "वारा लागायचा नाय आता." मला वाटलं कौतुक आहे.

ताई, आता तू भांडुपच्या त्या सोफ्यावर बसली असशील तर जरा नीट टेकून बस. आपल्या वाडीत कुठल्या घराच्या खिडकीला कधी कापड लागलेलं तुला आठवतं का? आठव. दार उघडं, खिडकी उघडी, पावसाळ्यात बाहेरून ताडपत्री. पण आतून कापड? एकाच प्रसंगी. घरात बाळंतीण असली की. बाई मोकळी झाली की त्याच दिवशी खिडकीवर जुनं लुगडं टांगायचं, वारा लागू नये म्हणून. लुगडं दिसलं की कुणी कुणाला सांगायचं नाही, बोलावणं धाडायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत घराघरातून बायका येतात. तुझ्या वेळेला टांगलं होतं, माझ्या वेळेला टांगलं होतं. मी महाडला जाऊन तीस वर्षं झाली, तुला मुंबईला पस्तीस. आपण दोघंही हे साफ विसरलो. श्रुतिकाला ते कधी ठाऊकच नव्हतं. आणि ज्या एका माणसाला ठाऊक होतं ते उंबऱ्यावर कुळीथ पाखडत होतं. काल मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला कोन इचारतंय? यादी मुंबईसनं आली ना?"

बरं, नुसते पडदे असते तरी निभावलं असतं. पण शनिवारी संध्याकाळी श्रुतिकानं केसांना काहीतरी हिरवं फासलं (मेंदी नव्हे, नाव सांगितलं होतं, तेही यादीत शोभेल असं होतं) आणि त्यावर कान झाकून पंचा घट्ट बांधला. अंगात तो ढगळ गाऊन. आदल्या दिवशीच्या चढणीनं मांड्या भरलेल्या, त्यामुळे एकेक पाऊल जपून टाकत, भिंतीला धरून अंगणात गेली. नव्या रंगाचा वास जावा म्हणून तिनं घरभर धूप घातला, तो दाराच्या फटीतून बाहेर. आत चुलीवर आई तुपात डिंक तळते आहे. समोरच्या ओटीवर रंगूबाई. खिडकीला कापड, डोकं बांधलेलं, चाल जपून, घरात धुरी, तुपात डिंक. ताई, माझ्या पंचवीस वर्षांत यापेक्षा निम्म्या पुराव्यावर लोकांना शिक्षा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

रविवारी साडेदहालाच पाहुणे आले. चंदन, त्याच्या आई, आणि एक काका, जे पूर्ण वेळ फक्त लाडवांशी बोलले. मी तुझ्या यादीप्रमाणे पडदे ओढून ठेवले होते ('पाहुणे आत येताना पडदे बंद असावेत व नंतर हळूहळू उघडावेत, म्हणजे दृश्य खुलते'). ते आत आले आणि दृश्य असं काही मिटलं की काकांनी माझ्याच मांडीवर बसायचा प्रयत्न केला. दिवा लावायला गेलो, तर वीज नव्हती. मोबाईलचा दिवा लावून मी चंदनच्या आईंना खुर्चीपर्यंत नेलं. सिनेमा सुरू झाल्यावर आलेल्या माणसाला दारावरचा गडी नेतो तसं. बाई बसल्या. श्रुतिका चहाचा ट्रे घेऊन अंदाजानं आली. केस धुतलेले होते, साडी छान होती, पण ते फक्त तिला आणि मला माहीत होतं.

आणि दारात तुळसा उभी राहिली.

तुळसा तुला आठवते ना? आपल्या वाडीची सुईण. वरच्या-खालच्या दोन्ही वाड्यांतली दोन-अडीचशे माणसं तिच्या हातावर जगात आली, तू आणि मी धरून. आता सगळ्या पोरी गाडीनं दवाखान्यात जातात. पंधरा वर्षं तिला कुणाचं बोलावणं नाही. काल ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, तेलाची वाटी घेऊन आली होती. आणि भडकलेली होती.

"भरत, मेल्या, मला नाय बोलवायची? ह्या हातानं काढला तुला. पायाळू होतास तू, दीड दिस घेतलास. आनि भाचीच्या वक्ताला तुला तुळसा आठवली नाय?"

मी म्हटलं, "कसल्या वक्ताला, तुळसाआते?"

"कसल्या म्हनजे? शनवारपास्नं लुगडी टांगलीत चार चार. आमच्या येळेला एक टांगायचे. बाळ कुठं हाय?"

अंधारात एक कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. तो चंदनच्या आईंचा होता. तेवढ्यात अंगणातून येसाजी आबांनी (वाडीतले सगळ्यांत वडील, ऐकू कमी येतं म्हणून बोलतात मोठ्यानं) आईला आवाज दिला, "मुलगा का मुलगी गो धोंडूबाय? नाव काय ठेवताव?" आणि त्यांच्या मागून रंगूबाई आणि वाडीतल्या बायका एकेक करून आत येऊ लागल्या, अकरा जणी, प्रत्येकीच्या हातात जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं, कुणाकडे अळीव, कुणाकडे ओवा, कुणाकडे नारळ. कुणी काही विचारलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. ज्या घरात लग्न न झालेली पोरगी बाळंत झाली असं त्यांना वाटत होतं, त्या घरात त्या वाकून आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

आता मी तुझी यादी पाठ केलेला माणूस. मी चंदनच्या आईंना समजावून सांगू लागलो की हे लुगडं नसून ब्लॅकआऊट आहे, आणि ब्लॅकआऊटच्या पाठीला जे आहे ते शीअर, जे खरं तर वेगळ्या रॉडवर हवं होतं, पण भागोजीनं अस्तर समजून... बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, त्यामुळे कुठे थांबावं ते कळेना. बहुधा पिंच प्लीटपर्यंत गेलो असेन. श्रुतिकाच्या हातातला ट्रे वाजत होता. तो वाजण्याचा आवाज, ताई, मला अजून ऐकू येतो. पोरगी कधी कशाला घाबरलेली मी पाहिली नव्हती.

मग चंदन उठला. म्हणाला, "मामा, आधी उजेड करू या का?" आणि त्यानं समोरच्या खिडकीचा पडदा बाजूला ओढला. उमदा मुलगा, हाताला जोर आहे. पडदा, रॉड, पेल्मेट, व्हॅलन्स आणि गोंडे असं सगळं एकदम खाली आलं, त्याच्यासकट. ढीग हलला, त्यातून आधी एक हात आणि मग चंदनचं डोकं बाहेर आलं, कपाळावर गोंडा. खोलीत लख्ख ऊन. श्रुतिकानं त्याच्याकडे पाहिलं, आणि ती हसत सुटली. ट्रे खाली ठेवून, भिंत धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तोही गोंडा न काढता हसत राहिला.

तुळसा मात्र हसली नाही. ती पुढे झाली, श्रुतिकाला उन्हात उभी केली, खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं, एकदा मागून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाय. हिला काय झालेलं नाय. पोरगी जशीच्या तशी हाय." असला दाखला, ताई, कुठल्याही सिव्हिल सर्जनकडून मिळत नाही. एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि तेलाची वाटी बाजूला सारली. पंधरा वर्षांनी आलेलं काम गेलं होतं.

तेव्हा चंदनच्या आई पहिल्यांदा बोलल्या. शाळेत वर्गाला विचारतात तशा. "मुलीचं लग्न झालेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

रंगूबाई म्हणाली, "ठावं हाय की."

"तरी दुपटी घेऊन आलात?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे, त्यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना म्हणून. शेवटी तुळसाच बोलली. "बाय, पोराला थंडी वाजते ती काय बापाचं नाव इचारून वाजते?"

बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. मग त्यांनी रंगूबाईच्या मांडीवरचं दुपटं उचललं, बोटांनी कापड चाचपलं, उलटं करून टाके बघितले. "सुती नऊवारी?" "माझ्या सासूची," रंगूबाई म्हणाली. "आमच्याकडं चार पदरी शिवतात," बाई म्हणाल्या, "तुमचं तीनच पदरी." यावर अकरा जणी एकदम बोलू लागल्या, आणि पुढचा अर्धा तास बाई खुर्ची सोडून खाली चटईवर बसल्या होत्या. घर त्यांनी बघितलं की नाही मला ठाऊक नाही. पडदे तर बघितलेच नाहीत. जे लागलेले होते त्यांना त्यांची पाठ होती, आणि जो पडला होता त्याच्यावर काका बसले होते. आईनं सगळ्यांना डिंकाचे लाडू वाटले. (भाऊजींचे. पुन्हा करील म्हणाली.)

तर एवढंच. यात काळजी करण्यासारखं काही नाही, आणि लोक काही म्हणाले तर तुला खरं काय ते माहीत असावं म्हणून सविस्तर लिहिलं. रंगूबाईच्या मुलाला माझ्यातर्फे चार शब्द सुनाव. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या डोळ्याला आराम पडो, आणि तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र जवळ असेल तर पुढचं वाचण्याआधी एकदा लावून बघ.

तुझा धाकटा,
भरत

ता. क. : चंदनच्या आईंनी होकार दिला, हे वर लिहायचं राहिलं. निघताना म्हणाल्या, "मला घर बघायचं होतं, ते बघितलं. मुलगी आमची." श्रुतिका आत होती. तिला सांगितलं तर "चालेल" म्हणाली, आणि गोठ्यात जाऊन वासराच्या गळ्यात पडली.

ता. क. २ : 'निघताना म्हणाल्या' हे तितकंसं बरोबर नाही. म्हणाल्या आणि निघाल्या यांच्यामध्ये अडीच तास गेले. त्याचं असं झालं की वाडी सगळी जमलेलीच होती, लाडू झालेले होते, नारळ तर बायकांनीच आणले होते. चंदनला पुढचा मोकळा रविवार तीन आठवड्यांनी. आई म्हणाली, "मानसं आलीत ती परत कशाला गोळा करायची?" काकाही पहिल्यांदाच लाडूव्यतिरिक्त एका विषयावर बोलले आणि म्हणाले, बरोबर आहे. सबब सुपारी फोडली. सगळ्या वाडीसमक्ष, रीतसर, लग्न ठरलं.

ता. क. ३ : मुलीच्या बाजूनं सुपारी कोणी फोडली, असं तू विचारशील. मामानं. बाईंनी नीट विचारलं होतं, "मुलीच्या आईवडिलांना कळवलंत ना?" मी "विचारून येतो" म्हणून खडकावर गेलो. तुझा नंबर काढला. ताई, रेंज होती. पण तू 'थांब, मी पंचांग बघते' म्हणाली असतीस, खाली अंगणात चंदन आणि श्रुतिका उभी होती, आणि मला त्या ट्रेचा आवाज आठवला. दहा मिनिटं वारा खाल्ला, खाली आलो आणि होकारार्थी मान हलवली. रागवायचं तर माझ्यावर रागाव, पोरीवर नको. तिला वाटतं तुम्ही खरंच हो म्हणालात. ती खडकावर जात नाही ती भीतीनं नव्हे, लाजेनं.

ता. क. ४ : आता मुख्य विनंती. भाऊजींना यातलं काही कळता कामा नये. तीन आठवड्यांनी तुम्ही दोघं या. सुपारी पुन्हा फोडू, त्यांच्या हातानं, जणू पहिल्यांदाच. वाडीला सांगून ठेवलं आहे. सगळे नव्यानं आल्यासारखे येतील, तुळसा तर पुन्हा न्हाऊन येणार आहे. प्रश्न चंदनच्या आईंचा होता. त्यांना मी सांगितलं की आमच्याकडं सुपारी दोनदा फोडायची जुनी चाल आहे, आधी मामानं, मग बापानं. बाईंना ती फार आवडली. तेव्हा ताई, ही चाल आपल्यात पिढ्यान् पिढ्या आहे, हे तू आजपासून पक्कं धर. अवघड जाणार नाही. कालच संध्याकाळी येसाजी आबा ओटीवर बसून पोरांना सांगत होते की त्यांच्या लग्नातही दोनदाच फोडली होती, आणि दुसऱ्या वेळेला सुपारी जरा किडकी निघाली होती.